डावी बाजू

आवाज येतोय ना मागेपर्यंत? छान.

मला संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय दिला होता, 'निवृत्तीनंतरचा छंद'. मी म्हटलं, अहो, माझा काही छंद नाही. मी गाणं शिकत नाही, बोन्साय करत नाही, गोल्फही सोडून दिलं. मी फक्त संध्याकाळी सायकल घेऊन बाहेर पडतो आणि तासाभरानं घरी येतो. ते म्हणाले, मग तेच सांगा, लोकांना प्रेरणा मिळेल. आता प्रेरणा वगैरे देणं मला जमत नाही. तोफखान्यात बत्तीस वर्षं काढली, तिथे प्रेरणा द्यायला धर्मगुरू असायचे, आम्ही फक्त आकडे द्यायचो. तर मी सायकलीबद्दलच बोलणार आहे, पण त्यात मी एका लहान मुलीला धडक देऊन पाडलं, तेही येणार आहे. ते वगळून सांगितलं तर सगळंच खोटं होईल.

आधी मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, कोरेगाव तालुक्यातला. राहतो चौमूंला. जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागलात की साधारण तेहेतीस किलोमीटरवर चौमूं लागतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते न ओळखता पाहिलंय. 'भूलभुलैया' नावाचा सिनेमा आला होता ना, २००७ चा, त्यातला वाडा म्हणजे चौमूंचा गढीवजा महाल. आता तिथे हॉटेल आहे. माझी शेवटची नेमणूक जयपूरला होती, मुलाला नोकरी तिथेच लागली, आणि माझ्या जुन्या बॅटरीतले शेखावाटीचे जवान मागे लागले की साहेब, इकडेच प्लॉट घ्या. जयपुरात जमिनीचे भाव ऐकून मी दोन पावलं मागे सरकलो, ती दोन पावलं चौमूंला येऊन थांबली. माझ्या पत्नीचं म्हणणं असं की साताऱ्याचा माणूस निवृत्तीनंतर साताऱ्याला जातो, हा एकटाच वाळवंटाकडे निघाला. वाळवंट नाहीये हो ते. बाजरी होते, गहू होतो, आणि भाजीपाला तर भरपूर. हिवाळ्यात मटार आणि गाजरांनी भरलेल्या ट्रॉल्या बघाव्यात. पाणी मात्र खोल खोल चाललंय, विहिरी कधीच्या आटल्या, आता सगळं बोअरवर. तो वेगळा विषय आहे.

मराठी माणूस म्हणून तिथे काय अडचण, असं मला विचारतात. काही नाही. एक पानवाले आजोबा आहेत, ते मला पहिल्या दिवशी म्हणाले, 'मराठा हो? चौथ लेने आए हो क्या?' मी म्हटलं, नाही, फक्त दूध घ्यायला आलोय. आपण इतिहास विसरतो, ज्यांच्या अंगावरून गेला ते विसरत नाहीत. चौमूंच्या उत्तरेला पाटण म्हणून गाव आहे. तिथे १७९० साली महादजी शिंद्यांच्या फौजेनं, म्हणजे मुख्यतः द बॉयनच्या कवायती पलटणींनी, जयपूर-जोधपूरवाल्यांचा पराभव केला. मी ते रणांगण बघून आलो. सायकलवर नाही, गाडीनं. तेव्हा मी गाडी चालवत होतो.

सायकल घेतली ती तब्येतीसाठी. गुडघ्यानं धावणं बंद पाडलं आणि चालायचा मला कंटाळा. सायकल साधी आहे, काळी, सरळ दांडीची, मागे कॅरियर, पुढे घंटी. मुलानं एकवीस गिअरची आणायचं ठरवलं होतं, मी नको म्हटलं. आमचे आप्पा, म्हणजे वडील, प्राथमिक शिक्षक होते. त्यांची अशीच सायकल होती, तिच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो. आणि फौजी माणसानं सायकलीला कमी लेखू नये. १९४१च्या डिसेंबरात जपानी मलायात उतरले आणि दोन महिन्यांत सिंगापूरच्या दारात उभे राहिले, ते बऱ्याच अंशी सायकलींवर. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवायचे, आणि रात्री त्या रिमांचा खडखडाट ऐकून पलीकडच्यांना रणगाडे आल्यासारखं वाटायचं. असो. मी हे सांगायला लागलो की पत्नी खूण करते, ती आज इथे नाहीये म्हणून सुटलो.

माझा रस्ता ठरलेला. कॉलनीतून निघायचं, बावडी गेटकडून जुन्या गावात शिरायचं. तिथे गल्ल्या अरुंद, सायकलीच्याच मापाच्या. संध्याकाळी कचोरीच्या कढया चढलेल्या असतात, तो वास ओलांडणं ही पहिली परीक्षा. मग गढीच्या भिंतीकडेनं पुढे, आणि गाव मागे टाकून सामोदच्या रस्त्याला. हमरस्त्यावर मी जात नाही. जयपूर-सीकर हमरस्ता म्हणजे ट्रकांचं राज्य. फक्त फाल्गुनात तिथे जाऊन उभा राहतो, कारण तेव्हा जयपूरहून खाटूश्यामला जाणारे पायी यात्रेकरू हातात निशाण घेऊन त्याच रस्त्यानं चाललेले असतात, आणि सातारकराला वारीची आठवण येते. एरवी सामोदचा रस्ता. दोन्ही बाजूंना शेतं, खेजडीची झाडं, समोर अरवलीच्या टेकड्या. जाताना सूर्य पाठीवर, येताना तोंडावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कधी कधी सोबतीला आमच्या कॉलनीतले सुभेदार मेजर साहेब असतात. सीकर जिल्ह्यातले, पायदळातले, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. फौजेत अधिकारी जेसीओला 'साहब' म्हणतो आणि तोही अधिकाऱ्याला 'साहब' म्हणतो, त्यामुळे आम्ही दोघे एकमेकांना साहब साहब करत सायकल चालवतो आणि गावातली पोरं हसतात.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग दोनेक वर्षांपूर्वी मला वाटायला लागलं की चौमूं बिघडत चाललंय.

खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं. रस्त्यात अचानक खड्डा यायचा. काल नव्हता, आज आहे. स्पीडब्रेकर दिसायचाच नाही, थेट हाडांना कळायचा. एकदा रस्त्याच्या कडेला बसलेलं वासरू, त्याच्या शेपटीवरून चाक गेलं, ते बिचारं ओरडत उठलं आणि मी गटाराच्या काठावर. लोक तर काय, कुठूनही उगवायचे. मी घरी येऊन तक्रार करायचो की या गावात कोणाला रस्त्यावर वागायची शिस्त नाही. मग मी फौजी पद्धतीनं काम हाती घेतलं. वहीत नोंदी केल्या, नकाशा काढला, कुठे कुठे रंग न दिलेले स्पीडब्रेकर आहेत ते खुणा करून दाखवलं, आणि एका कार्यालयात अर्ज दिला. एक नाही, तीन. तिसऱ्या अर्जानंतर तिथला एक तरुण कर्मचारी माझ्याबरोबर जागेवर आला. चांगला मुलगा होता. त्यानं स्पीडब्रेकर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, 'सर, इस पर तो दिवाली से सफेद पट्टी है.'

मी बघितलं. पट्टी होती. चांगली पांढरी, ठळक. मी म्हटलं, संध्याकाळी उन्हाची तिरीप येते, तेव्हा दिसत नाही. तो 'जी सर' म्हणाला आणि गेला. मी वही बंद केली, पण मत बदललं नाही.

घरीसुद्धा लहान लहान गोष्टी होत होत्या. जेवताना पाण्याचं भांडं पानाच्या डावीकडे असतं. ते महिन्याभरात तीनदा माझ्या हातानं लवंडलं. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. पत्नी म्हणाली, 'अहो, तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?' मी म्हटलं, तू भांडं जागेवर ठेवत नाहीस. हे वाक्य मी आमच्या घरी पूर्वी ऐकलं होतं. कोणाच्या तोंडून, ते तेव्हा आठवलं नाही.

डोळ्यांचा संशय मला का आला नाही, असं तुम्ही विचाराल. कारण डोळे ही माझी शेखी होती. फौजेत वैद्यकीय वर्गवारीला 'शेप' म्हणतात, पाच अक्षरं, त्यातलं शेवटचं 'ई' म्हणजे दृष्टी. माझं 'ई' शेवटपर्यंत एक नंबरचं. तोफखान्यात मी बरीच वर्षं निरीक्षण अधिकाऱ्याचं काम केलं. पुढे जाऊन टेकडीवर बसायचं, दुर्बीण लावायची, गोळा कुठे पडला ते बघून मागे आकडे कळवायचे. देवळालीला तोफखान्याच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की समोरची जमीन मनात तीन पट्ट्यांत वाटायची, जवळची, मधली आणि लांबची. सुरुवात जवळच्या पट्टीपासून करायची, कारण नवशिक्याची नजर थेट क्षितिजावर जाते आणि पायाशी काय आहे ते राहून जातं. हे मी पुढे शेकडो तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं. आणि निवृत्तीनंतरही चष्म्याच्या दुकानात गेलो की तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचायचो. दुकानदार म्हणायचा, कमाल आहे कर्नल साब. डोळ्यांचं एवढं पुरे, असं मला वाटायचं.

आता ती संध्याकाळ. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. सहा वाजून गेले होते. सुभेदार साहेब त्या दिवशी नव्हते, त्यांच्याकडे लग्न होतं. मी सामोदच्या बाजूनं परत येत होतो, सूर्य समोर, अगदी बाभळीला टेकलेला. पुढे गाजरांची ट्रॉली गेली असावी, रस्त्यावर इथे तिथे गाजरं सांडलेली. मी घंटी वाजवत, मध्यम वेगानं, डाव्या कडेनं. आणि काहीतरी मऊ लागलं.

सायकल उजवीकडे कलंडली, मी पडलो. उठून बघतो तर सहा-सात वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेला आडवी. ओढणीत गोळा केलेली गाजरं पसरलेली. कोपर सोललं होतं, कपाळाला खरचटलं होतं, रक्त थोडं होतं. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. आणि मी काय केलं असेल? मी तिच्यावर ओरडलो. परेड ग्राउंडवरचा आवाज काढला. अशी मध्येच धावत येतेस, मेली असतीस, वगैरे. तिचे आजोबा शेताच्या बांधावर होते, ते धावत आले. त्यांनी आधी पोरीला उचललं, धूळ झटकली. मग मला विचारलं, तुम्हाला लागलं का? मी म्हटलं, मला काही नाही, पण पोरीला सांभाळा, ती एकदम समोर आली.

त्यांनी शांतपणे सांगितलं, 'साब, छोरी तो कद की अठै ई बैठी छी.'

म्हणजे, साहेब, पोरगी केव्हाची इथंच बसली होती.

त्यांनी वाद घातला नाही. पैसे मागितले नाहीत. उलट माझी सायकल उभी करून दिली, चेन बसवून दिली. मला वाद घालायचा होता, पण त्या वाक्यात काही जागाच नव्हती. ती बसली होती. धावत आली नव्हती, उगवली नव्हती. मी घंटी वाजवली ती कोणासाठी, कोण जाणे. तिनं ऐकली आणि तिला वाटलं असणार, म्हातारा बघतोय, बाजूनं जाईल.

मी सायकल हातात धरून घरी आलो. चार किलोमीटर चाललो. आणि वाटेत मला ते घरातलं वाक्य आठवलं. भांडं जागेवर ठेवत नाहीस, हे आप्पा आईला म्हणायचे.

आप्पांचं शेवटचं दशक आठवलं. बैलगाडीला सायकल घासली म्हणून त्यांची सायकल आम्ही काढून घेतली होती. उंबऱ्याला अडखळायचे. मी रजेवर आलो की चिडायचो. 'आप्पा, जरा खाली बघून चाला ना.' ते म्हणायचे, मला स्वच्छ दिसतं, हे बघ, पंचांग वाचतो. आणि खरंच वाचायचे. मग पुढे वाचता येईना, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. पट्टी काढली तरी फरक नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याची नस सुकलीय, आता उपाय नाही. आम्हाला वाटलं, वयानं सुकली. झाडाची फांदी वाळते तशी.

त्या रात्री मी एक प्रयोग केला. आमच्या दिवाणखान्यात भिंतीवर घड्याळ आहे आणि त्याच्या खाली कॅलेंडर. उजवा डोळा हातानं झाकला, डाव्यानं घड्याळाकडे रोखून बघितलं. साडेनऊ वाजले होते, काटा न काटा स्पष्ट. कॅलेंडर नव्हतं. काळा डाग वगैरे काही नाही, नुसती भिंत, करड्या धुक्यासारखी. डोळा खाली वळवला की कॅलेंडर हजर. पुन्हा घड्याळाकडे, कॅलेंडर गायब. मी हे दहा वेळा केलं. पत्नी बघत होती. तिनं काही विचारलं नाही. सकाळी सात वाजता तिनं माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड माझ्या बशीशेजारी ठेवलं होतं. उजवीकडे.

जयपूरच्या डॉक्टरबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी आधी तक्ता वाचायला लावला, मी शेवटची ओळ वाचली आणि मान ताठ करून बसलो. त्या म्हणाल्या, सर, हे चांगलं आहे, पण याच्यावरून काही कळत नाही. मग डोळ्यातला दाब मोजला. साधारण दहा ते एकवीस असावा लागतो. माझा उजव्यात चोवीस, डाव्यात अठ्ठावीस. मग एका वाटीसारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी तयारीत बसलो, बोट बटणावर. दोन-चार दिवे दिसले, मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, तुमचं मशीन बंद पडलं बहुतेक. तिथली ऑपरेटर मुलगी म्हणाली, 'चल रहा है सर, आप देखते रहिए.'

मशीन चालू होतं.

याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू वेगळा. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. कधी दाब फार न वाढताही मरते. दुखत नाही. लाल होत नाही. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून तक्ता वाचता येतो, पंचांग वाचता येतं. जातं ते आजूबाजूचं. आणि गेलेलं कळत नाही, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. रस्ता असेल तर रस्त्यानं भरतो. त्या भरलेल्या रस्त्यावर मुलगी नसते.

डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे शेजारी ठेवून दाखवले. नकाशे मला कळतात. डाव्या डोळ्याचा खालचा अर्धा भाग जवळजवळ सगळा काळा. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा खालचा तुकडा काळा. एक डोळा गेला तर दुसरा भरून काढतो, पण उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू म्हणजे कुठली? डावी. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की खालचा डावा कोपरा कोणालाच दिसत नाही. आणि आपल्या देशात आपण डाव्या कडेनं चालतो. खड्डा, वासरू, स्पीडब्रेकरचं टोक, पाण्याचं भांडं, गाजरं वेचणारी पोर, सगळं त्याच कोपऱ्यात. चौमूंमध्ये काही बिघडलं नव्हतं.

मी विचारलं, जे गेलं ते परत येईल? नाही म्हणाल्या. आहे ते टिकवायचं. रात्री झोपताना थेंब घालायचे, रोज, न चुकता. दर काही महिन्यांनी दाब आणि नकाशा. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला होतं का? मी म्हटलं, वडिलांना बहुतेक होतं, पण आम्ही त्यांना खाली बघून चाला असं सांगत होतो. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, तुमच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तपासायला सांगा, त्यांना धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. चाळिशीनंतर प्रत्येकानंच एकदा दाब आणि नस बघून घ्यावी. आणि औषधाच्या दुकानातून मनानं थेंब आणून घालू नयेत, त्यातल्या स्टेरॉइडनंही दाब वाढतो. हे त्यांचं सगळं मी जसंच्या तसं तुम्हाला सांगतोय, माझं त्यात काही नाही.

त्याच आठवड्यात मी सुभेदार साहेबांना सांगितलं. आम्ही गढीजवळ चहा पीत होतो. ते ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, 'साहब, मुझे लगता था.' काय वाटत होतं? तर गेल्या वर्षभरात त्यांनी पाहिलं होतं की मी डावीकडच्या गोष्टींना धडकतो. म्हणून ते सोबत असले की नेहमी माझ्या डाव्या हाताला सायकल घ्यायचे. मला आठवलं, खरंच, ते डावीकडेच असायचे. मला वाटायचं जुनी फौजी सवय. मी चिडलो. म्हटलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, 'आपको कैसे बोलता, साहब? आप तो ओपी अफसर थे.'

मंडळी, यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांनी वर्षभर मला आड दिली आणि हुद्द्याच्या मानामुळे तोंड उघडलं नाही. ज्या दिवशी ते नव्हते त्या दिवशी मुलगी पडली. दोष त्यांचा नाही. माझ्यासारख्या माणसाला काही सांगायची सोय मीच ठेवली नव्हती. तो तरुण कर्मचारी 'जी सर' म्हणून गेला, पत्नीला मी भांड्यावरून ऐकवलं, दुकानदार कमाल म्हणाला. मला समोर उभं राहून उत्तर दिलं ते फक्त त्या आजोबांनी, आणि तेही मी विचारलं म्हणून नव्हे.

मी त्यांच्याकडे गेलो. पत्नी बरोबर होती. माफी मागितली, मुलीसमोर. कोपरावर खपली धरली होती. काय झालंय ते आजोबांना सांगितलं, तर त्यांनी मला अंगणातल्या बाजेवर बसवलं, ताक दिलं, आणि विचारलं की हे कसं तपासतात, कारण त्यांची बायको हल्ली उंबऱ्याला अडखळते. महिन्याभरानं आम्ही तिला जयपूरला घेऊन गेलो. तिला मोतीबिंदू निघाला. एवढा आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

गाडी चालवणं मी बंद केलं. किल्ली मुलाला दिली, त्यावर फार बोलत नाही, अजून जड जातं. सायकलीचं काय, यावर घरात तीन दिवस युद्ध झालं. तह असा ठरला की अंधारात नाही, मावळतीच्या उन्हात समोर सूर्य घेऊन नाही, एकट्यानं नाही, आणि वेग माणसाच्या धावण्याइतका. हिवाळ्यात चार वाजता निघतो आणि पाचच्या आत दारात. उन्हाळ्यात चार वाजता तिथे डोकं भाजतं, म्हणून सकाळी जातो, त्याला संध्याकाळची सायकल म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जुन्या गावात शिरताना उतरतो आणि हातात धरून चालतो. कचोरीचा मोह त्यामुळे वाढलाय, ही एक नवी समस्या.

आणि देवळालीला शिकलेलं पुन्हा सुरू केलंय. जवळची पट्टी, मधली, लांबची. मान वळवून, मुद्दाम खाली डावीकडे, दर दहा पायडलांना एकदा. सुभेदार साहेब डावीकडून चालवतात आणि आता बोलतात. 'साहब, गड्ढा.' 'साहब, कुत्ता.' मध्येच 'साहब, कुछ नहीं, सब ठीक.' हे तिसरं मला फार आवडतं. त्या वळणावर ती मुलगी असली तर लांबूनच हात वर करून ओरडते, 'फौजी बाबा, मैं इधर हूँ!' तिच्या मैत्रिणींनाही तिनं शिकवलंय. कधी कधी पाच-सहा जणी शेताच्या कडेनं एकदम ओरडतात, आणि मी थांबून प्रत्येकीकडे मान वळवून बघतो, तोपर्यंत त्या ओरडायचं थांबवत नाहीत.

दोन नकाशे झाले त्यानंतर. उजवा डोळा होता तिथेच आहे. डावा किंचित सरकला, थेंब बदललेत. एक दिवस सायकलही जाईल, हे मला माहीत आहे. तो दिवस कोणता ते डॉक्टरबाई आणि सुभेदार साहेब मिळून ठरवणार आहेत, मी नाही. तसं मी दोघांना लिहून दिलंय, सही करून.

मुलगा तपासून आला, सध्या ठीक आहे, दरवर्षी जायचंय. धाकटा भाऊ साताऱ्याला असतो, बासष्टचा आहे. त्याला आठ महिने सांगतोय. परवा पुन्हा फोन केला. तो म्हणाला, दादा, मला स्वच्छ दिसतं, मी रोज पेपर वाचतो. मी पुढच्या मंगळवारचं रेल्वेचं तिकीट काढलंय. त्याला हात धरूनच नेणार आहे.

बरं, मला पावणेचारपर्यंत वेळ दिला होता आणि साडेतीन झालेत. कोणाला काही विचारायचं असेल तर लवकर विचारा. डावीकडे बसलेल्यांनी हात जरा वर करा.